नवीन मोटर टाकली तरी फ्यूएल पंपला करंट येत नाही, बॅटरीवरून डायरेक्ट वायर टाकू का?

चोपड्याची_मास्तरीण
नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडी आहे, २०१२ ची, सेकंड हँड घेतलेली. मागच्या आठवड्यात जळगावहून येताना तापीच्या पुलाच्या अलीकडे झटके द्यायला लागली आणि बंद पडली, अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली, कशीबशी घरी आणली, पण दुसऱ्या दिवसापासून सेल्फ चांगला फिरतो आणि गाडी काही उचलत नाही. मेकॅनिक म्हणाला टाकीतली मोटर (म्हणजे फ्यूएल पंप) गेली. मागचं सीट काढून नवीन टाकली, साडेचार हजार गेले, तरी तेच. आता तो म्हणतो मोटरला करंटच येत नाहीये, बॅटरीवरून डायरेक्ट वायर ओढून डॅशबोर्डखाली बटण देतो, पाचशे रुपयात काम. मामांना (सासऱ्यांना) आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जळगावला न्यावं लागतं, सध्या शेजाऱ्यांच्या गाडीवर चाललंय, त्यामुळे लगेच हो म्हणावंसं वाटतंय पण पेट्रोलच्या टाकीजवळची वायर म्हटल्यावर मन धजत नाही. काय करू?

पारोळ्याचा_गडी
ताई घाबरू नको. आधी फ्यूज देख, मंग रिले (पंपला करंट सोडणारा स्विच) देख, काम व्हई जाई. हॉर्नचा रिले बऱ्याच गाड्यांत त्याच नंबरचा असतो, नंबर जुळत असेल तर तो काढून पंपच्या जागी लावून बघ, दोन मिनिटांचं काम आहे.

भुसावळ_वायरमन
ताई, डायरेक्ट वायर अजिबात टाकू देऊ नका, हात जोडून सांगतो. चावी फिरवली की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) दोन-तीन सेकंद पंप चालवतो आणि थांबवतो, नंतर इंजिन फिरतंय असा क्रँक सेन्सरचा सिग्नल आला तरच पंप चालू ठेवतो. म्हणजे ठोकर लागून इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद. डायरेक्ट केलं की हे सगळं गेलं, पाईप फुटला तरी बटण चालू आहे तोवर पंप पेट्रोल फेकत राहणार, आणि मागच्या सीटवर आजारी माणूस.

आता शोधायचं कसं ते सांगतो. कुणाला तरी चावी ऑन करायला सांगा आणि पंपच्या रिलेवर बोट ठेवा, टक् असं जाणवलं तर ईसीयू आपलं काम करतोय, मग बिघाड रिलेच्या पुढे. रिलेवर आकडे छापलेले असतात, ८५ आणि ८६ ही कॉईल, ३० वर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ मधून पंपकडे जातो. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मीटरने दोन्ही टोकांना करंट आहे का ते बघा.

आणि एक गोष्ट, पंपच्या कनेक्टरवर मीटरने १२ व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली असं समजू नका. मीटर करंट खातच नाही म्हणा ना. आपल्याकडे ठिबकवाल्याला हे लगेच कळेल, व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर प्रेशर पूर्ण दिसतं पण पाईपात गाळ असेल तर व्हॉल्व्ह उघडल्यावर काटा खाली येतो. म्हणून लोड लावून तपासायचं, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, पंपच्या कनेक्टरला लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, पंप त्याहून जास्त, म्हणून बल्बच नीट पेटत नसेल तर पंप कुठून चालणार. दोन सेकंदात काही दिसत नाही, त्यासाठी रिले काढून ३० आणि ८७ च्या खाचा फ्यूज लावलेल्या वायरने जोडा, तेही बॉनेटकडच्या रिले बॉक्समध्ये. टाकीचं झाकण बंद, चारही दरवाजे उघडे, पेट्रोलचा वास येत असेल तर काहीच करू नका, आणि बिडीवाल्याला लांब ठेवा.

चोपड्याची_मास्तरीण
धन्यवाद दादा, मेकॅनिकला आजच नाही म्हणून सांगितलं. दीर आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकतोय, त्याने सगळं केलं. फ्यूज दोन्ही बाजूंनी चांगला, रिले टक् वाजतो, हॉर्नचा लावला तरी फरक नाही. कनेक्टरवर मीटर १२.१ दाखवतो पण बल्बची तार नुसती लाल होते. म्हणजे तुम्ही म्हणाला तसंच ना?

भुसावळ_वायरमन
हो तसंच. आता बल्बची निगेटिव्ह कनेक्टरमधून काढून बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला लावा, लख्ख पेटला तर अर्थिंग खराब, तसाच मंद राहिला तर येणारी वायर खराब. मंद राहिला तर बल्ब चालू ठेवूनच मीटरची एक पिन ८७ वर आणि दुसरी पंपच्या प्लसवर लावा, लांब वायर जोडावी लागेल. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. आणि गाडीला पूर्वी गॅस किट होतं का? मागच्या काचेवर स्टिकरची खूण, डिकीत पत्र्याला भोकं असं काही?

चोपड्याची_मास्तरीण
डिकीत चार भोकं आहेत खरी! आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बॉडीला लावला तरी बल्ब मंदच, आणि ८७ ते पंप सात व्होल्ट दाखवतो.

रावेर_केळीवाला
मग गॅस किटवाल्यांचाच जोड असणार. गॅसवर गाडी चालताना पेट्रोलचा पंप बंद राहावा म्हणून काही जण ती वायर मध्ये कापून वेगळा रिले बसवतात, किट काढताना दोन टोकं पिळून टेप मारून मोकळे होतात. माझ्या भावाच्या गाडीत हेच निघालं होतं, ड्रायव्हरच्या दाराखालच्या पट्टीत. पावसाळ्यात तिथं ओल जाते. उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, केळीच्या बागेशेजारी गाडी लावतो त्यामुळे आमच्याकडे दरवर्षी एखादी वायर जातेच.

चोपड्याची_मास्तरीण
सापडलं!! ड्रायव्हरच्या बाजूची पट्टी उचलली, मॅटखाली काळ्या टेपचा गोळा, टेप सोडली तर आत तार हिरवी पडलेली, हात लावला तशी निम्मी तुटून आली. दिराने आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, दोन्हीकडून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापलं, मध्ये तेवढ्याच जाडीचा तुकडा टाकला, क्रिम्प जॉइंटर दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह. सामान १४० रुपयांचं. मग परत बल्ब लावून मोजलं, ८७ ते पंप ०.१ व्होल्ट. चावी फिरवली तर मागून गूंऽऽ असा आवाज आला, तो आवाज ऐकून मला खरंच रडू आलं. आज मामांना घेऊन जळगावला जाऊन आले, कुठेच झटका नाही.

पारोळ्याचा_गडी
बेस व्हयनं ताई! जुनी मोटर फेकू नका, ती बहुतेक चांगलीच असेल, जपून ठेवा.

एरंडोल_८७
माझा थोडा वेगळा प्रॉब्लेम आहे, इथंच विचारतो. रिले वाजतच नाही, मग काय बघायचं?

भुसावळ_वायरमन
मग कॉईलची बाजू. चावी ऑन असताना ८५ आणि ८६ पैकी एकावर १२ व्होल्ट यायला हवेत, बऱ्याच गाड्यांत ते मेन रिलेतून येतात, म्हणून नसतील तर आधी मेन रिले आणि त्याचा फ्यूज. १२ असतील तर दुसऱ्या पिनला ईसीयू दोन सेकंद अर्थ देतो का ते बघायचं, पण तिथं बल्ब नको, ईसीयू जळू शकतो, मीटरच वापरा. अर्थ मिळत नसेल तर चावीच्या खुणेचा इमोबिलायझरचा (खरी चावी ओळखणाऱ्या लॉकचा) दिवा लुकलुकतोय का ते सांगा, आणि बाहेरून बसवलेलं चोरीचं लॉक किंवा जीपीएस असेल तर तेही सांगा, मग पुढचं बघू.