मुलांचे स्मार्ट टूथब्रश: तुमच्याकडे कितपत चालले?

लेक साडेचार वर्षांची आहे. सकाळी कसंबसं उरकतं, रात्री मात्र ब्रश दिसला की दातखीळ बसते. जाऊबाई म्हणतात ब्लूटूथवाला ब्रश आण, मोबाईलवर कार्टून बघत पोरं आपणहून घासतात. किंमत बघून अहोंनी डोळे मोठे केले, पण रोज रात्रीची रडारड ते कुठे सोसतात! वापरलेल्यांनी खरं काय ते लिहा.

दहीवडा: आमच्याकडे फिलिप्सचा सोनिकेअर फॉर किड्स आहे. अ‍ॅपमध्ये स्पार्कली नावाचं एक केसाळ पात्र आहे, पोरगं घासतं तसं ते पण घासतं. दोन मोड आहेत, हळू आणि जोरात, हळूवरच सुरू करा कारण ती थरथर आधी मुलांना विचित्र लागते, आम्ही पहिल्यांदा नुसता तळहातावर लावून दिला, मग नाकाला, मग हसत हसत तोंडात. मधेमधे इशारा वाजतो की आता दुसरी बाजू घे. आमचा त्या इशाऱ्याला पक्का आहे, आईच्या हाकेला नाही.

भरलं_वांगं: नुसता टायमर असलेल्या अ‍ॅपपासून सावध. दोन मिनिटांत चित्र हळूहळू उघडत जातं, ब्रश दातावर आहे की नाही हे त्याला काय कळतंय. आमची बाई गालात ब्रश धरून चित्र बघत उभी, पेस्टचा फेस फ्रॉकवर, आणि वर म्हणते झालं. त्यामुळे घेताना विचारा की ब्रशमध्ये सेन्सर आहे का. कोलगेटच्या मॅजिकमध्ये ब्रश साधाच असतो, पण फोनचा कॅमेरा हाताची हालचाल बघतो. अर्थात मग बेसिनवर फोन टेकवायची सोय हवी, नाहीतर तो पाण्यात.

म्युनिकची_मावशी: इकडे प्लेब्रश मिळायचा, साध्याच ब्रशच्या मागे बसवायचं रबरी टोपण, ब्रश हलवला की फोनवरचा गेम चालतो. भाच्याने गेम जिंकण्यापुरतं समोरचे दात चकाचक केले, दाढांचं नाव नाही.

पिंपळपान: गाणी वाजवणारे ब्रश काही आजचे नाहीत. हॅसब्रोचा टूथ ट्यून्स 2007 मध्ये आला होता, गाणं दातांतून हाडांतून थेट कानात ऐकू यायचं. दाबून घासलं तरच नीट ऐकू येणार, डोकं लावलं होतं बुवा कुणीतरी.

दंतू (लहान मुलांची डेंटिस्ट): ब्रश कुठलाही घ्या, सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात तुमचा फिरू दे. इलेक्ट्रिक ब्रश खसाखसा घासायचा नसतो, एकेका दातावर टेकवायचा, हिरडीकडे जरा तिरका, मग पुढच्या दातावर. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, जाहिरातीतली लाट नको. आणि सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते, ती कुठलाही दात न पडता येते म्हणून आईवडलांना वाटतं दुधाचीच आहे. ती कायमची असते! उगवताना बाकीच्या दाढांपेक्षा खाली असते, सरळ फिरवलेला ब्रश तिच्या वरून निघून जातो, म्हणून गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून तेवढी वेगळी घासा. हे कुठलंही अ‍ॅप करणार नाही. आणि तो यू आकाराचा, तोंडात धरला की सगळं आपोआप होतं म्हणतात तो घेऊ नका, प्रत्येकाचा जबडा वेगळा, केस दातांना धड टेकतच नाहीत.

दहीवडा: दंतूताई, दाढेचं माहीतच नव्हतं, आजच टॉर्च लावून बघते. बाकी घेणाऱ्यांनी हेडची, म्हणजे वरच्या केसांच्या भागाची, किंमत आधी बघा, तीन महिन्यांनी बदलावं लागतं आणि आमच्या गावात दुकानात मिळत नाही, ऑनलाइनच मागवावं लागतं. मे महिन्यात आजोळी जाताना चार्जर विसरू नका.

धागाकर्ती: सगळ्यांना थँक्यू! सेन्सरवाला बघते. दंतूताई, चुलत बहिणीच्या मुलीचं जुनं हँडल पडून आहे, नवीन हेड लावून चालेल ना?

दंतू: चालेल की. हँडल नीट पुसून घ्या, हेडखालच्या खाचेत काळं साचतं.