बॅटरी कारखान्याच्या स्मरणिकेतून शिशाचं प्रकरण गाळावं का?

करमाडकर (धागाकर्ता)

आपल्या एमआयडीसीतला बॅटरी कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. आता माजी कामगारांचा स्नेहमेळावा ठरलाय आणि त्यानिमित्त स्मरणिका निघतेय. मजकूर आला, जुने फोटो जमले. समितीनं एकच प्रकरण बाजूला काढलं, ते शिशामुळे झालेल्या आजारांचं. छपाईचा खर्च मालकांच्या घरून येतोय आणि आनंदाच्या प्रसंगी जुनं उकरू नये, असं कारण दिलं गेलं. माझं मत: हे प्रकरण नसेल तर ती स्मरणिका काढूच नये.

माझे वडील ग्रीड कास्टिंगला होते. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिसं 327 अंशांना वितळतं. ते साच्यात ओतून जाळी काढायची, जाळीत शिशाच्या ऑक्साइडची पेस्ट भरायची, प्लेटा वाळवायच्या, घासायच्या, एकमेकींना जोडायच्या, डब्यात बसवून ॲसिड भरायचं आणि चार्जिंगला लावायचं. लोकांना भीती वाटायची ॲसिडची, कारण त्यानं शर्टाला भोकं पडलेली दिसायची. खरा धोका होता पावडर मिसळणाऱ्याला आणि वाळलेल्या प्लेटा हाताळणाऱ्याला. तिथली धूळ नाकातोंडातून आत जायची आणि तिला ना वास, ना चव.

वडिलांच्या खाकी पँटच्या दुमडीत राखाडी भुकटी साचलेली असायची. आई ती दुमड अंगणात उलटी करून झटकायची आणि मग पँट आमच्या शाळेच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायची. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. कारखान्यात गूळ आणि दूध मिळायचं, "गूळ खा, शिसं उतरतं" म्हणत. गुळानं शिसं उतरत नाही. ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथं वीस-तीस वर्षंही राहतं.

आणि हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात शिशाची विषबाधा होती. असा रुग्ण आढळला तर तपासणाऱ्या डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असं त्या कायद्यात लिहिलं होतं.

जुना सुपरवायझर

करमाडकर, तुमच्या वडिलांबरोबर मी काम केलंय, त्यामुळे राग न धरता लिहितो.

72 चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना विचारा हा कारखाना काय होता. ज्यांच्या आयांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या, त्यांच्या पोरांना इथं महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला, पीएफ कापला गेला, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आलं. करमाड, बदनापूरहून पोरं मीटरगेजच्या पॅसेंजरनं यायची. त्यातल्या कितीकांच्या मुली शिकल्या, घरं झाली. मराठवाड्यात तेव्हा कारखाने होते किती? 1984 मध्ये सरकारच्या दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष मांडला, तेव्हा आपण किती मागे आहोत ते कागदावर आलं. अशा भागात कुणीतरी येऊन शेड उभी केली.

मास्क दिले जात होते. मे महिन्यात भट्टीजवळ मास्क लावून उभं राहून दाखवा. पोरं काढून खिशात ठेवायची. सगळा दोष एका बाजूला टाकू नका. आणि हे प्रकरण छापलंत की उद्या नातवंडं म्हणतील, आजोबा विषाच्या कारखान्यात होते. आयुष्यभराच्या कामाची ती ओळख मला मान्य नाही.

सेफ्टीवाला, वाळूज

सर, तुमच्या वयाचा मान राखून सांगतो, मास्कचा मुद्दा उलटा आहे. आमच्या कामात मास्क सगळ्यात शेवटी येतो. आधी धूळ जिथं उठते तिथंच ती ओढून घेणारा पंखा आणि डक्ट. मग ओली सफाई, म्हणजे कोरडा झाडू बंद. मग कामाचे कपडे कारखान्यातच धुणं, घरी जाण्याआधी आंघोळ आणि खात्यात डबा उघडायला मनाई. एवढं झाल्यावर उरलेल्या धुळीसाठी मास्क. बेचाळीस अंशांत मास्क काढला म्हणून कामगाराला धरणार असाल, तर त्याला ज्या व्यवस्थेच्या भरवशावर ठेवलं तीच चुकीची होती.

बाकी पगार, घरं, शिक्षण हे तुम्ही लिहिलंत ते सगळं स्मरणिकेत यायलाच हवं.

पेस्टिंगचा माणूस

मी पेस्टिंगला होतो. पोराकडून टाईप करून घ्यायलो.

पोटात अशी कळ यायची की रात्री उकिडवं बसून राहायचो. दवाखान्यात अपेंडिक्स म्हणायले, जंत म्हणायले. एकानं तोंड उघडायला लावलं, हिरड्यांवर निळसर रेघ बघितली आणि म्हणला बॅटरीत आहात काय. नंतर उजवं मनगट पडलं. हात पुढं केला की पंजा खाली लोंबायचा. मला दुसऱ्या खात्यात टाकलं, काही महिन्यांनी हात बराच सुधरला. आता बीपी आहे, किडनीची गोळी चालू आहे. ते शिशानं का वयानं, कोणी लिहून देईना.

पण मी करमाडकर भाऊंच्या बाजूनं नाही. छापून मला काय भेटणार? ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्यांची, पेन्शन हातात येते तिच्यात महिन्याच्या गोळ्या येत नाहीत. 2014 पासून कमीत कमी 1000 रुपये धरलेत, ते अजून तिथंच आहेत. मेळाव्याला जमणार आहात तर पेन्शनवाढीचा ठराव करा, रक्त तपासायची सोय करा. माझा आजार पुस्तकात घालून लोकं हळहळणार आणि जेवून घरी जाणार. माझं नाव घालू नका.

करमाडकर

दादा, तुमच्या शब्दाबाहेर नाही. नाव येणार नाही, कुणाचंच येणार नाही.

पण काय भेटणार ते सांगतो. 1923 च्या भरपाई कायद्यात शिशाचे आजार व्यवसायजन्य म्हणून धरले होते. दावा 2 वर्षांत करायचा होता. काम सुटल्यावर लक्षणं दिसली तर तीही 2 वर्षांच्या आत दिसायला हवी होती. हाडातलं शिसं मात्र म्हातारपणी हाडं झिजायला लागली की परत रक्तात उतरतं. कायद्याची मुदत संपते तिथं आजार सुरू होतो, म्हणून तर कुणी लिहून देईना. आता उशीर माफ करून घ्यायचा किंवा पेन्शनसाठी भांडायचं तरी हातात कागद लागेल: कोण कुठल्या खात्यात किती वर्षं होतं, काय लक्षणं होती. मालकांचं दप्तर गेलं. आपल्याशिवाय हे दुसरं कोण जमवणार?

दुसरं, हे काम संपलेलं नाही. इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, ई-रिक्षा, सगळीकडे अजून शिशाच्या बॅटऱ्या आहेत. जुन्या बॅटऱ्या अधिकृत ठिकाणीच जाव्यात म्हणून 2001 मध्ये नियम झाले, 2022 मध्ये नवे आले. तरीही भंगारात बॅटरी फोडून शिसं वितळवणारी पोरं आहेतच. शेंद्रा-बिडकीनला गाड्यांचे नवे कारखाने येतायत म्हणून आपण खूश आहोत, मीही आहे. तिथं लागणाऱ्या पोरांना आधीच्या पिढीचं काय झालं ते कळायला नको?

चार्जिंगवाल्यांची लेक

तुम्ही सगळे कामगारांबद्दल बोलताय. ते कपडे आमच्या आयांनी धुतले, त्याच अंगणात आम्ही रांगलो. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो आणि सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझा धाकटा भाऊ शाळेत मागे पडला म्हणून त्यानं बापाचा मार खाल्ला. कारण शिसंच होतं असं मी म्हणत नाही, ते आता सिद्ध होणार नाही. पण त्या घरात कुणीतरी येऊन "कपडे वेगळे धुवा" एवढं तरी सांगायला हवं होतं.

मालकांचे पैसे परत करा. वर्गणी काढू. पानं कमी करा, रंगीत फोटो नकोत.

जुना सुपरवायझर

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. कपड्यांचं आम्हाला सुचायला हवं होतं.

तरी माझं मत तेच आहे. आजारांची वेगळी पुस्तिका काढा, माझी वर्गणी पहिली घ्या, खात्यांची नावं आणि सालं मी बसून लिहून देतो. स्मरणिका हा सत्काराचा ग्रंथ आहे. ज्यांच्या विधवा त्या दिवशी व्यासपीठावर असतील, त्यांच्या हातात हे देऊ नका.

करमाडकर

सर, यादीसाठी येत्या रविवारी घरी येतो, पेस्टिंगच्या दादांनाही घेऊन येतो. रक्ततपासणीचा आणि पेन्शनचा ठराव बैठकीत मी मांडतो. पण पुस्तिका वेगळी नको. वेगळी काढली की ती वेगळीच पडते, सत्काराच्या पिशवीत जात नाही. माझी आई त्या व्यासपीठावर असणार आहे, आणि हे छापा असं तीच म्हणतेय.