पावतीपुस्तक छापण्याआधी

कबड्डीच्या पोरांना राज्याबाहेर स्पर्धेला न्यायचंय, म्हणून वर्गणीचं पावतीपुस्तक फिरवू, असं इथल्या चर्चेत ठरत चाललंय. जरा थांबा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर महाराष्ट्रात अशा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली. गणेश मंडळं घेतात तीच.

मोकळे पैसे मागण्यापेक्षा नेमका खर्च वाटून द्या, हे माझं ठाम मत. ‘हातभार लावा’ म्हटलं की शंभराची नोट निघते. ‘दोन मुलांची स्लीपरची तिकिटं तुमच्याकडे’ म्हटलं की माणूस विचार करायला लागतो. बूट, गुडघ्याचे पॅड, एका वेळचं जेवण, सगळं असंच. कोणी काय उचललं तेही सोसायटीच्या ग्रुपवर टाका, बाकीचे आपोआप पुढे येतात (थोडी ईर्ष्या असतेच!).

रद्दी गोळा करा, पण सराव बुडवून नको. दिवाळी जवळ असेल तर पालकांनी मिळून फराळाच्या आगाऊ ऑर्डरी घ्याव्यात, निम्मे पैसे आधीच.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामांसाठीच्या पैशाचं म्हणाल, तर खेळाचं प्रशिक्षण कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत (अशा कामांच्या यादीत) बसतं. पण संस्थेकडे असा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हवी. पुढच्या महिन्यात निघायचं असेल तर त्या नादी लागू नका.