मदत हवी आहे: रानडुकराच्या हाक्यात कुत्रीला घालायचं जाकीट. कोणतं घ्यावं, आणि भिस्त किती ठेवावी?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा वेगळा आहे. पण इथे गावाकडे कुत्री पाळणारे, परदेशात शेतावर राहणारे आणि एकदोन पशुवैद्यही आहेत, म्हणून धीर करून विचारते.

मी जर्मनीत हुन्सऱ्युक भागातल्या एका खेड्यात राहते. माहेर संगमेश्वराकडचं, त्यामुळे रात्रीत भात लोळवून जाणारी डुकरं लहानपणापासून पाहिलेली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. इथे परीक्षा देऊन परवाना काढला की हंगामात करता येते. मका आणि जंगलाची रोपं यांचं नुकसान इतकं असतं की डुकरांची संख्या आवरणं हे शिकाऱ्यांवर जबाबदारी म्हणूनच येतं. २०१९-२० च्या हंगामात देशभरात आठ लाख ऐंशी हजारांहून जास्त डुकरं मारली गेली. मी २०१९ साली परीक्षा दिली. आमची तांबी डॉयचर वाख्टेलहुंड जातीची, साडेतीन वर्षांची, वजन २२ किलो. ही जात इथे शिकाऱ्यांनाच देतात.

ऑक्टोबर ते जानेवारी इथे ड्र्युकयाग्ड असते, म्हणजे आपल्याकडचा हाकाच म्हणा. बंदूकवाले मचाणांवर बसतात, आम्ही हाकेकरी आणि कुत्री रान उठवतो. तांबीचं काम जाळीत शिरून डुक्कर उठवायचं आणि भुंकत त्याच्या मागे लागायचं. धरायचं नाही. पण डुक्कर उलटून मुसंडी मारतं तेव्हा ते काही आमचे नियम पाळत नाही. नराचे खालचे सुळे वरच्यांवर घासून सुरीसारखे धारदार झालेले असतात आणि तो खालून वर ओढतो. मादी फाडत नाही, चावते आणि चावून झटकते.

म्हणून तांबीला पहिल्या हंगामापासून जाकीट आहे. वरून भगव्या रंगाचं जाड कापड, आत अरॅमिडचे (केव्हलरसारख्या चिवट धाग्याचे) थर. छाती, पोटाच्या दोन्ही बाजू आणि मान झाकली जाते. भगवा रंग मचाणावरच्या माणसाला लांबून दिसतो, हाच त्याचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. गोळी त्यानं अडत नाही, तसा कुणी दावाही करत नाही.

आता झालं ते सांगते. डिसेंबरात एका एकांड्या नरानं तिला ब्लॅकबेरीच्या जाळीत गाठलं. तिचं केकाटणं मी ऐकलं. पाच मिनिटांनी ती शेपूट हलवत बाहेर आली. जाकीट काढलं, अंगभर हात फिरवला. रक्ताचा थेंब नाही. जाकिटावर वरच्या कापडाला फक्त एक लांब ओरखडा. मी त्या जाकिटाला मनातल्या मनात हात जोडले आणि तिला गाडीत बसवलं. अर्ध्या तासानं पाहते तर श्वास भराभर चाललेला, हिरड्या पांढुरक्या. दवाखाना चाळीस किलोमीटरवर. एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या आणि फुप्फुसाभोवती हवा साठलेली. सुईनं हवा काढली, दोन रात्री तिथेच ठेवली. आता घरी आहे, खाते-पिते, सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे.

सुळा अडला, पण धक्का अडला नाही. ऐंशी-नव्वद किलोचं जनावर बावीस किलोच्या कुत्रीवर आदळलं, तर कापड कितीही चिवट असो, तो जोर आतल्या हाडांवर जाणारच. हे मला आधी कळायला हवं होतं. त्या दिवशी जाकीट नसतं तर जखम दिसली असती आणि मी अर्धा तास गमावला नसता, हा विचार जात नाही. अर्थात जाकीट नसतं तर कदाचित कोथळाच बाहेर आला असता, हेही खरं.

बाकीचे अनुभवही लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल.

ऑक्टोबरात ऊन असेल तर तासाभरात तांबी जीभ पूर्ण बाहेर टाकून धापा टाकते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यात हे पांघरूण. एकोणीस अंश होते त्या दिवशी मी ते काढूनच ठेवलं. ओढ्यातून आली की जाकीट पाणी पिऊन जड होतं आणि काखेत घासून कातडी सोलते. एकदा जीपीएसवर ती बारा मिनिटं एका जागी दिसली. मी धावत गेले, तर जाकिटाचा पट्टा स्प्रूसच्या मोडक्या फांदीत अडकलेला. शेजाऱ्यांच्या टेरियरला गेल्या वर्षी मांडीच्या आतल्या बाजूला सुळा लागला. तिथे कुठल्याच जाकिटाचं कापड नसतं, कारण तिथे कापड घातलं तर कुत्र्याला पळता येणार नाही. तो वाचला नाही.

माझे प्रश्न असे:

आता नवीन घ्यायचं आहे. मांड्यांपर्यंत येणारं लांब आणि कडक घ्यावं, की आखूड आणि हलकं? मार लागलेलं जुनं जाकीट, वरून फक्त ओरखडा असला तरी, पुन्हा वापरावं का? आणि तिसरं, जे मला खरं छळतंय: जाकीट घातल्यापासून ती डुकराच्या जास्त जवळ जाते असं मला वाटतं. की मीच तिला जास्त बिनधास्त सोडते? कुणी हे पाहिलंय का?

प्रतिसाद १

ताई, मी विदर्भात पशुवैद्य आहे. आमच्याकडे शिकार नाही, पण राखणीच्या कुत्र्यांना डुकरानं फाडलेल्या केसेस पेरणीपासून कापणीपर्यंत येत राहतात. जाकिटांचा अनुभव नाही, जखमांचा आहे.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. बोथट मारानं बरगडी, फुप्फुस, यकृत, प्लीहा यांना इजा होते आणि वरून काहीच दिसत नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटला असेल तर लक्षणं कधी काही दिवसांनीही येतात. म्हणून इथून पुढे नियम असा ठेवा: केकाटणं ऐकलं की रक्त असो-नसो, जाकीट काढायचं, हिरड्यांचा रंग पाहायचा, श्वास मोजायचे. शांत बसलेल्या कुत्र्याचे मिनिटाला तिसाच्या वर श्वास गेले आणि दहा मिनिटांत उतरले नाहीत, तर गाडी सुरू करायची.

वरचं भोक लहान म्हणून फसू नका. कुत्र्याची कातडी सैल असते, सुळा आत फिरतो, कातडी परत जागेवर येते आणि खाली स्नायू फाटून पोकळी झालेली असते. आतडं बाहेर आलं तर आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा. छातीच्या जखमेतून हवा ओढल्याचा आवाज आला तर प्लास्टिकची फिल्म दाबून लावा आणि तशीच न्या. आणि माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्री मरतात.

आणखी एक. औयेस्कीचा रोग, ज्याला स्यूडोरेबीज म्हणतात, तो युरोपातल्या रानडुकरांत आहे. कुत्र्याला झाला की असह्य खाज सुटते आणि साधारण दोन दिवसांत सगळं संपतं. उपचार नाही. मेलेल्या डुकराला तोंड लावू न देणं एवढंच हातात आहे.

प्रतिसाद २

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडहून. इथे डुकरांवर कुत्री सोडतात, पण पद्धत तुमच्या उलट. बरीच कुत्री समोरून जाऊन कान धरतात आणि मालक येईपर्यंत सोडत नाहीत. (मी स्वतः करत नाही, मला ती पद्धत आवडतही नाही. पण शेजारचे तिघे करतात आणि त्यांची कुत्री माझ्या अंगणातच वाढलीत.) त्यांना मार बसतो छातीवर आणि गळ्यावर. म्हणून त्यांचं चिलखत म्हणजे छातीवर एक पट्टी आणि गळ्याला रुंद जाड पट्टा, बाकी अंग उघडं. इथल्या उष्म्यात पूर्ण जाकीट घातलं तर कुत्रं डुकराआधी उन्हानंच मरेल.

सांगायचं हे की आधी तुमची कुत्री मार कुठे खाते ते बघा. तांबी भुंकणारी आहे, ती डुक्कर वळलं की वळणार, म्हणजे मार बसणार बरगडीच्या मागच्या बाजूला आणि मागच्या मांडीला. तिला गळ्याशी कमी आणि कुशीला जास्त जाडी हवी. पण वळता आलं पाहिजे. कडक लांब जाकिटात तिचं वळणं अर्ध्या पावलानं मंदावलं तर तेवढ्यातच डुक्कर तिला गाठेल. चपळाई हेच तिचं पहिलं चिलखत आहे.

जुनं जाकीट उसवून आतले थर बघा. अरॅमिड उन्हानं आणि ब्लीचनं कमजोर होतं. एक धागा जरी कापलेला दिसला तरी ते सरावालाच ठेवा.

आणि इथे डुकरांपासून कुत्र्यांना ब्रुसेला सुइस या जिवाणूचा संसर्ग होतो, त्यांच्यापासून माणसांनाही. रक्तानं माखलेलं जाकीट उघड्या हातांनी धुऊ नका.

प्रतिसाद ३

राग मानू नका. एवढं सगळं असताना तिला पाठवायचंच कशाला?

धागा काढणारीचं उत्तर

राग नाही, हाच प्रश्न मी रोज रात्री तिच्या शेजारी बसून स्वतःला विचारते. कुत्र्यांशिवाय हाका होत नाही, कारण त्या जाळीतून माणसाच्या आवाजानं डुक्कर उठतच नाही. जखमी होऊन पळालेलं जनावर शोधायलाही कुत्रंच लागतं. नाहीतर ते दोन दोन दिवस तडफडतं. आणि तांबी हंगाम सुरू झाल्याचं बूट पाहूनच ओळखते, दारात उभी राहते. पण याचा अर्थ तिला यंदा पाठवायलाच हवं असा नाही, हे मी मान्य करते. हा हंगाम तिच्यासाठी संपला.

डॉक्टर, श्वास मोजायचं आजपासून सुरू केलं, झोपेत एकोणीस आले. क्वीन्सलंडकर दादा, तुमच्या सांगण्यावरून काल जाकीट उसवलं. वरच्या कापडावर तोच ओरखडा, पण त्याखालच्या थरात बोटभर लांबीची चीर आहे. बाहेरून अजिबात दिसत नव्हती. म्हणजे ते आणखी एकदा घालून मी तिला पाठवलं असतं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

डुकरांच्या रोगांबद्दल तुम्ही दोघांनी लिहिलंत ते बरं केलंत. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या राज्यात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग सापडला, तेव्हापासून पट्टे-जाकीट जंतुनाशकात बुडवायची सवय लागलीय. कुत्र्याला तो होत नाही, पण रक्तातून तो इकडून तिकडे जातो. हातमोजे मात्र मी घालत नव्हते, आता घालीन.

ती जास्त जवळ जाते का, हे पाहायला इथे एक सोय आहे. कुंपणातल्या डुकरांवर कुत्र्यांना सराव देतात, सोबत जाणकार उभा असतो. पुन्हा एक्स-रे काढून बरगड्या जुळल्या असं कळलं की फेब्रुवारीच्या शेवटी तिला तिथे नेईन. एकदा जाकीट घालून, एकदा न घालता. अंतर किती ठेवते ते बघेन, आणि माझ्या हातातून तिची दोरी कधी सुटते तेही. नवं जाकीट त्यानंतरच, कारण विश्रांतीत तिचा छातीचा घेर वाढलाय आणि आताच्या मापाचं तेव्हा सैल होईल.

डॉक्टर, एक राहिलं. डाव्या कुशीवर झोपली की ती मधूनच उठून कूस बदलते. ही मोडलेलीच बाजू आहे. एवढं चालतं का, की लगेच दाखवू?