सल्ला हवा: ५.१ आवाजाचे स्टीरिओ करताना चित्राशी मेळ सुटतो

खांडेपारकाठी
गेल्या जत्रेला आमच्या मंडळाने देवळाच्या मंडपात तीन अंकी संगीत नाटक केले. चित्रण मेहुण्याने अमेरिकेत घेतलेल्या कॅमेऱ्यावर केले, आवाज मात्र चार मायक्रोफोन लावून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आणि पुढे एका मित्राने त्याचे ५.१ मिश्रण, म्हणजे सहा वाहिन्यांचा आवाज, करून दिले. चवथीला पाहुणे जमतील तेव्हा साध्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून ते दाखवता यावे, म्हणून मी एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकत्र करून स्टीरिओ एमपी४ फाइल काढली. नांदीला ओठ आणि शब्द अगदी जुळतात. पण पहिला अंक संपेपर्यंत आवाज मागे पडलेला असतो, आणि शेवटी चित्र संपले तरी भैरवी चालूच राहते. प्रत्येक प्रवेशाला आवाज कापून पुढे ओढत बसावे, की हे काम करणारे एखादे फुकट सॉफ्टवेअर आपण सुचवाल?

जुनाच सभासद
संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये पाहात असाल तर ‘जे’ हे बटण दाबल्यावर आवाज ५० मिलिसेकंदांनी अलीकडे येतो आणि ‘के’ दाबल्यावर तेवढाच मागे जातो. घरच्यापुरते एवढे पुरेल असे वाटते.

सूरपेटी
वरचा उपाय ठरावीक अंतर असेल तरच पुरतो. अंतर वाढत जात असेल तर बटणापाशी एक माणूस बसवून ठेवावा लागेल, आणि टीव्हीवर तर तीही सोय नाही.

माझी विनंती अशी की सॉफ्टवेअर शोधण्याआधी मोजमाप करावे. तबलजीचा हात स्पष्ट दिसतो अशा तीन-चार जागा सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातून निवडा आणि थाप दिसणे व थाप ऐकू येणे यांतले अंतर लिहून काढा. ते सगळीकडे सारखे असेल, तर दोष फक्त आरंभबिंदूचा असतो. एमपी४ मधला आवाज दाबून बसवणारा एएसी एन्कोडर सुरुवातीला आवाजाचे काही रिकामे नमुने भरतो, ते २११२ असतील तर ४८ किलोहर्ट्झला ४४ मिलिसेकंद होतात, आणि ती नोंद न वाचणाऱ्या प्लेअरवर आवाज तेवढा उशिरा येतो. अंतर एकाच चालीने वाढत असेल, तर कुठेतरी वेग चुकला आहे. मध्येच झटक्याने बदलत असेल, तर चित्रातल्या फ्रेमा असमान अंतराच्या आहेत, जे मोबाइलच्या चित्रणात नेहमी घडते, किंवा आवाजाचे तुकडे गळले आहेत.

५.१ वर संशय घेण्याचे मात्र कारण दिसत नाही. स्टीरिओ करताना मधली आणि मागची वाहिनी साधारण ३ डेसिबल उतरवून डाव्या-उजव्यात मिसळतात आणि खर्जाची वाहिनी बहुधा सोडून देतात. यात आवाजाची लांबी बदलत नाही. मूळ चित्रण आणि तयार फाइल दोन्ही मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेमा) व लांबी पाहा.

खांडेपारकाठी
मोजले. १० मिनिटांनी सुमारे ०.६ सेकंद, एका तासाने ३.७ आणि दोन तासांनी ७.४. मूळ चित्रणाचा फ्रेम रेट २९.९७०, तयार फाइलचा ३०. आवाज पूर्ण २ तास ४० मिनिटांचा आहे, चित्र त्याहून जवळजवळ १० सेकंदांनी लहान आहे.

सूरपेटी
मग चोर सापडला. २९.९७ म्हणजे ३०००० भागिले १००१. त्या फ्रेमा ३० च्या वेगाने चालवल्या की चित्र हजारात एकाने लवकर संपते, म्हणजे तासाला ३.६ सेकंद. आवाज बरोबरच आहे, तेव्हा त्याला हात लावू नका. चित्राचा वेग दुरुस्त करा. एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ चित्रण घेऊन चित्राच्या ट्रॅकला ३००००/१००१ हा फ्रेम रेट द्या, किंवा एडिटिंगचा प्रकल्पच २९.९७ चा करून पुन्हा फाइल काढा. टीव्हीला एमपी४ हवी असल्याने दुसरा मार्ग सोयीचा.

तासामागे ०.१ सेकंद तरीही उरतो. तो कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांतला फरक आहे, दहा लाखांत साधारण २८. दोन स्वतंत्र यंत्रांत एवढे चालायचेच.

म्हार्दोळचा वाचक
आवाजच ताणावा असे कोणी सुचवेल, म्हणून लिहितो. हजारात एक एवढा बदल कानाला कळत नाही, कारण तो अर्ध्या सुराच्या दोन टक्क्यांहूनही कमी असतो. पण २४ फ्रेमांचे चित्रण २५ वर नेताना आवाज नुसता पळवला, तर स्वर अर्ध्या सुराच्या सुमारे ७० टक्के चढतो आणि काळी एकमध्ये गाणारा नट पांढरी दोनच्या जवळ जाऊन पोहोचतो. संगीत नाटकाला हे चालणार नाही. तिथे स्वर कायम ठेवून लय बदलणारा पर्याय घ्यावा, आणि सहाही वाहिन्या एकत्रच ताणाव्यात, नाहीतर त्यांचा आपापसातला मेळ बिघडतो.

आणखी एक. ५.१ ची २४ बिटची वेव्ह फाइल ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ८,६४,००० बाइट खाते आणि साध्या वेव्हची मर्यादा ४ गिगाबाइट आहे. सुमारे ८२ मिनिटांनंतर आवाज गायब झाला तर दचकू नका. मित्राकडून ही मर्यादा नसलेल्या फ्लॅक किंवा आरएफ६४ प्रकारची फाइल मागवा.

खांडेपारकाठी
आभारी आहे. मित्राने सुदैवाने फ्लॅकच दिली होती. प्रकल्प २९.९७ चा करून फाइल पुन्हा काढली. आता शेवटी पाव सेकंदाहून किंचित जास्त फरक राहतो. पुन्हा काही ताणावे का?

सूरपेटी
गरज नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज १२५ मिलिसेकंदांपर्यंत मागे असला तरी तो जाणवत नाही, पुढे गेला तर मात्र ४५ लाच कळतो. आपल्याला कापायचे होते ना? मग पडदा पडलेला असताना, दोन्ही मध्यंतरांत, प्रत्येकी ९० मिलिसेकंद शांतता कापा, म्हणजे फरक कुठेच त्या मर्यादेबाहेर जाणार नाही.

खांडेपारकाठी
कापली. भैरवी आता पडद्याबरोबर संपते. सुरुवातीला तबलजी पेटीवाल्याशी कुजबुजतो तेही स्पष्ट ऐकू येते, ते मात्र चवथीपूर्वी काढून टाकावे लागेल.