अनुभव धागा: बंद पडलेला पूल आणि टोलची पावती

परवा माळ्यावरचा पत्र्याचा डबा उघडला. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत टोलची पावती निघाली. गुलाबी, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. आमच्या खाडीवरच्या पुलाची. पूल कधीच बंद झाला, टोलच्या खोलीत आता कुणीतरी कोलंबीची जाळी ठेवतं.

आजोबा कुरकुरायचे, "आधी तरीचे (नावेचे) पैसे, मग टोलचे. खाडी फुकट ओलांडू देतंय कोण?" खोटं नव्हतं. मुंबई इलाख्यात तरींचा कायदा 1868 चा, रस्ते-पुलांवरच्या टोलचा 1875 चा. म्हणजे हे दुखणं जुनंच!

तुमच्याकडचे बंद पूल, नाके, तरी यांबद्दल लिहा. ऐकीव असेल तर तसं सांगा.

महाडकरीण:
आमच्या पुलावर टोल नव्हता, तरी लिहिते. सावित्री नदीवरचा, दगडी कमानींचा, 1928 चा. शेजारी नवा पूल झाल्यावर जुन्यावरून फक्त मुंबईकडे जाणारी वाहनं सोडत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात तो कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी त्यात गेल्या. माझा भाऊ त्याच रात्री राजापूरहून निघाला होता. गाडी दुसरी होती, पण ते आम्हाला सकाळी कळलं. तोवर आई फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलेली. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, 5 जून 2017 ला सुरू झाला. सगळ्यांनी कौतुक केलं, आम्हीही केलं. आई मात्र अजून तिथे आली की खिडकीची काच वर करते.

आंबेतपल्याड:
आंबेत-म्हाप्रळचा पूल दुरुस्तीला बंद होता तेव्हा जंगल जेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीनं जायचो. डोक्यावर अख्खा पूल, आणि खाली आम्ही स्कूटरवर बसून बोटीची वाट बघतोय. आत्याचा नेहमीचा प्रश्न, "चालत तरी सोडत नाहीत का रे?"

टेम्पोवाला:
आंब्याच्या सीझनला हापूसच्या पेट्या घेऊन रात्रीच वाशी मार्केट गाठायचं. नाक्यावर सुट्टे नसले की पेटीतले दोन आंबे कमी व्हायचे. 1 जून 2015 पासून राज्यातले 12 नाके बंद झाले, आणखी 53 ठिकाणी कार-जीप आणि एसटीला माफी मिळाली. टेम्पोला कुठली माफी! बरं, आजोबांच्या पावतीवर रक्कम किती आहे?

खाडीकाठचो:
आमच्याकडे पूलच नाय होतो. आजी सांगायची, तरीवाल्याक सुगीत भात घालूचो, मग वरीसभर पैशे नाय. पाहुण्याक मात्र रोख.

धागाकर्ता:
टेम्पोवाले, आत्ताच भिंग घेऊन बघितलं. वाळवीनं नेमका आकडाच खाल्लाय.