बफर मारून काम संपत नाही

कुणीतरी म्हटलंय की क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) बफर, म्हणजे नदी-वस्तीभोवती ठरावीक अंतराचे पट्टे, मारले की कचराभूमीची जागा आपोआप सापडते. अर्धंच खरं. २०१६च्या घनकचरा नियमांत दिलेली अंतरं (नदीपासून १०० मीटर, तळी, वस्ती, महामार्ग, पिण्याच्या विहिरींपासून २००, विमानतळापासून २० किमी) टाकून बघा. लोहगावच्या विमानतळाभोवती वर्तुळ काढलं की जवळजवळ सगळं पुणे शहर आत! पुण्याचा कचरा डेपो असलेली उरुळी देवाचीही त्यातच. त्या नियमांत १० ते २० किमीमध्ये ना-हरकत घेऊन परवानगी मिळू शकत होती, म्हणजे नकाशातला तो थर सरळ 'नाही' असा नसून सशर्त धरायला हवा.

माझ्या मते खरी मेख भूगर्भात आहे. आपल्याकडचा बेसाल्ट वरून कातळ दिसतो, पण त्याच्या भेगांतून पाणी लांबवर जातं. कचऱ्याचं काळं पाणीही तसंच झिरपतं. उपग्रहचित्रावरून रेषाकृती (भेगा दाखवणाऱ्या लांब रेषा) आखून त्यांचा वेगळा थर करा, भूजलाची पावसाळ्यानंतरची पातळी घ्या. उन्हाळ्यातली, खोल गेलेली पातळी घेतली तर नकाशा उगाच हिरवागार, म्हणजे सगळीकडे योग्य, दिसतो.

आणि थरांना दिलेले भारांक (कुठला थर किती महत्त्वाचा, ते आकडे) थोडे हलवून बघा. तेवढ्यानं जागा बदलत असेल तर तो निकाल ग्रामसभेपुढे नेऊ नका.